लुटुपुटूच्या लढाया, खरेखुरे प्रेक्षक

पहिल्या महायुद्धावरचा जवळजवळ कोणताही माहितीपट घ्या, त्यात एक दृश्य हटकून असते. खंदकाच्या तळाशी दाटीवाटीने उभे असलेले ब्रिटिश सैनिक अधिकाऱ्याच्या इशाऱ्यासरशी मातीच्या भिंतीवर चढू लागतात. एक जण वर पोचतो न पोचतो तोच घसरून मागे येतो आणि निश्चल पडून राहतो. बाकीचे त्याच्याकडे वळूनही न पाहता पुढे निघून जातात. लगेच दुसरा तुकडा येतो. धुरातून काटेरी तारांच्या दिशेने काही सैनिक जाताना दिसतात आणि त्यांतले दोघे कोसळतात. खंदकातील युद्ध म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र उभे राहते. १९१६ साली 'द बॅटल ऑफ द सॉम' या ब्रिटिश चित्रपटासाठी ते घेतले गेले आणि ते खरे नाही. आघाडीपासून बऱ्याच मागे, उखळी तोफांच्या एका प्रशिक्षण केंद्रात ते ठरवून चित्रित करण्यात आले. बारकाईने पाहिल्यास कोसळलेल्यांपैकी एक जण 'मेल्यानंतर' एका पायावर दुसरा पाय सावकाश टाकतानाही दिसतो.

हे काही रहस्य राहिलेले नाही. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममधील अभ्यासकांनी या चित्रपटाची चौकट न् चौकट तपासून कोणता भाग अस्सल आणि कोणता रचलेला, याची छाननी केली आहे. तरीही ते दृश्य वापरात राहिले. याचे कारण सोपे आहे. खऱ्या हल्ल्याचे इतके स्पष्ट, इतके जवळून घेतलेले चित्रण त्या काळात जवळपास उपलब्धच नाही आणि ते का नाही, याचे उत्तर शोधू लागले की मूकपटांच्या पहिल्या वीस वर्षांचा एक चमत्कारिक व्यवसाय समोर येतो. लढाई एका देशात व्हावी आणि तिचे चित्रण दुसऱ्याच देशातील एखाद्या टेकडीवर, परसात किंवा पाण्याच्या टाकीत व्हावे, अशी ती पद्धत होती.

कॅमेऱ्याला न दिसणारे युद्ध

ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये आपली चलत्‌चित्रे पैसे घेऊन दाखवली ती डिसेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर दीडच वर्षात, १८९७ साली, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. फ्रेडरिक व्हिलियर्स हा अनुभवी ब्रिटिश युद्धवार्ताहर कॅमेरा घेऊन त्या युद्धावर गेला. प्रत्यक्ष रणभूमीवर चलत्‌चित्र कॅमेरा नेणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना होते. आपल्या आठवणींत त्याने जे लिहिले आहे, ते मोठे बोलके आहे. मोठ्या आशेने तो आपल्या फिती घेऊन लंडनला परतला, तर तेथे ग्रीक युद्धाची चित्रे आधीच झळकत होती आणि ती त्याच्या चित्रांपेक्षा कितीतरी अधिक थरारक होती. खऱ्या युद्धाला गिऱ्हाईक उरले नव्हते.

ती थरारक चित्रे जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराची होती, असे मानले जाते. मेलिएस ग्रीसला गेलाच नव्हता. पॅरिसजवळच्या माँत्रई येथे त्याने नुकताच काचेच्या छपराचा स्टुडिओ उभारला होता. तेथेच त्याने तुर्नावोस शहराच्या पाडावाचे आणि ग्रीक युद्धनौकेवरील चकमकीचे छोटे चित्रपट तयार केले. नौकेच्या चित्रपटासाठी त्याने डेकचा देखावा डोलता ठेवला होता. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजाचा भास त्यातून इतका छान साधला, की पुढे एका विनोदी चित्रपटातही तोच देखावा त्याने पुन्हा कामी आणला. मेलिएसला कोणाची फसवणूक करायची होती असे मात्र म्हणता येणार नाही. वृत्तपत्रांतील चित्रकार लढाईचे चित्र कल्पनेने रंगवत असत आणि वाचकही ते कल्पनाचित्र म्हणूनच स्वीकारत. मेलिएस तेच काम पडद्यावर करत होता. फ्रेंचांनी या प्रकाराला 'पुनर्रचित वार्तापट' या अर्थाचे सरळ नावही दिले होते.

व्हिलियर्सची अडचण त्याच्या एकट्याची नव्हती. तत्कालीन कॅमेरा जड, तिपाईवर रोवलेला आणि हाताने फिरवायचा. फिरवणाऱ्याला ताठ उभे राहावे लागे, म्हणजे शत्रूच्या नेमबाजाला आयते लक्ष्य. दूरचे जवळ आणणारी भिंगे दुर्मीळ, फीत मंद आणि एका फितीवर जेमतेम मिनिटभराचे चित्रण. त्यात युद्धाचे स्वरूपच पालटलेले. रंगीत गणवेश गेले होते आणि खाकी आली होती. बिनधुराच्या दारूमुळे गोळी कुठून आली हे सैनिकालाच कळेनासे झाले होते. शत्रू मैल-दीड मैलावर खड्ड्यात दडलेला असे. अशा रणांगणाचे चित्रण केले तर पडद्यावर दिसणार काय? एक ओसाड माळ आणि त्यावर कुठेतरी उडालेला धुरळा! तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या मनात मात्र भिंतीवरच्या तैलचित्रांतील लढाई होती, उपसलेल्या तलवारी आणि फडकणारी निशाणे असलेली. वास्तव आणि अपेक्षा यांच्यातील ही दरी भरून काढण्यातच चतुर मंडळींना धंदा दिसला.

टाकीतले आरमार

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाने या धंद्याला बरकत आणली. मनिला आणि सँतियागो येथील आरमारी लढायांत अमेरिकेने स्पेनच्या नौदलाचा धुव्वा उडवला. या लढाया पाहण्यासाठी अमेरिकी प्रेक्षक उतावीळ झाले होते आणि त्या लढायांचे चित्रण कोणाकडेच नव्हते. व्हिटाग्राफ कंपनीचे संस्थापक अल्बर्ट स्मिथ आणि स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी त्यावर शोधलेला तोडगा स्मिथने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात आला आहे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या युद्धनौकांची छायाचित्रे आणून त्यांनी ती कापली, लाकडी तुकड्यांच्या आधाराने इंचभर पाण्यात उभी केली आणि दोऱ्यांनी पुढे ओढली. तोफांच्या जागी चिमूट-चिमूट बंदुकीची दारू ठेवून ती पेटवली. धुरासाठी ब्लॅकटनच्या पत्नीने सिगारेट आणि कार्यालयातील पोऱ्याने सिगार ओढायचा, अशी वाटणी झाली. स्मिथ हा गोष्ट रंगवून सांगणारा गृहस्थ असल्यामुळे इतिहासकार या हकिगतीकडे थोडे साशंकतेने पाहतात, पण तंत्र त्या काळचेच होते. इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथे एडवर्ड अ‍ॅमेट यानेही नौकांच्या छोट्या प्रतिकृती टाकीत सोडून स्पॅनिश आरमार बुडवले होते.

हे सारे गमतीचे वाटते. पुढच्याच वर्षीची चित्रे पाहताना मात्र हसू मावळते. फिलिपिन्सचा ताबा स्पेनकडून अमेरिकेकडे आला आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो जनतेशी अमेरिकेचे युद्ध सुरू झाले. एडिसन कंपनीने १८९९ मध्ये या युद्धाची चित्रे न्यू जर्सीतच घेतली. अमेरिकी सैनिकांच्या भूमिका तेथील नॅशनल गार्डच्या जवानांनी केल्या आणि 'शत्रू' म्हणून उभे केले गेले ते आफ्रिकी-अमेरिकी लोक. शत्रू यायचे, गोळ्या झाडायचे, पळायचे किंवा मरायचे आणि मग ध्वज घेऊन अमेरिकी तुकडी पुढे सरसावायची. एका मिनिटाच्या त्या खेळात वसाहतवादाची सगळी मांडणी आली आहे. कोण शूर, कोण पळपुटे, कोणाचा मृत्यू शोकाचा आणि कोणाचा टाळ्यांचा, हे प्रेक्षकाला आपोआप कळत असे.

बोअर युद्ध आणि गोल्फचे मैदान

१८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाला तोंड फुटले. सेनापती बुलर ज्या 'डनॉटर कॅसल' जहाजाने निघाले, त्यावरच विल्यम डिक्सन हा छायालेखकही होता. (तरुण विन्स्टन चर्चिलही वार्ताहर म्हणून त्याच जहाजावर होते.) एडिसनच्या प्रयोगशाळेत चलत्‌चित्राचे यंत्र घडवण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तोच हा डिक्सन. बायोग्राफ कंपनीचा त्याचा कॅमेरा अवजड होता. तो वाहून नेण्यासाठी घोडागाडी लागे. त्याने कोलेन्सोपासून लेडीस्मिथपर्यंत सैन्याची साथ केली, लांब पल्ल्याचे भिंग वापरून पाहिले, स्पियन कॉपच्या लढाईच्या वेळी तुगेला नदीच्या परिसरात रुग्णवाहकांचे चित्रण केले. नाताळमधील भारतीयांचे सुमारे अकराशे जणांचे शुश्रूषापथक त्याच सुमारास त्याच रणभूमीवर जखमींच्या डोल्या वाहत होते. त्या पथकाचे पुढारी होते बॅरिस्टर मोहनदास गांधी.

डिक्सनच्या चित्रणात छावण्या आहेत, नदी ओलांडणाऱ्या गाड्या आहेत, डागल्या जाणाऱ्या तोफा आहेत. लढाई मात्र नाही. ती लंडनच्या मझवेल हिल भागात होती. रॉबर्ट पॉल या निर्मात्याने तेथील गोल्फच्या मैदानावर मेफकिंगचा वेढा आणि बोअर चौक्यांवरील हल्ले रचले. पॉल प्रामाणिक होता. एका अनुभवी लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केलेली ही 'प्रतिरूपे' आहेत, असे तो आपल्या सूचीत स्पष्ट छापत असे. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे मिचेल आणि केन्यन या जोडीनेही गावाबाहेरच्या माळावर अशाच चकमकी लढवल्या. अमेरिकेत एडिसन कंपनीने बोअर तोफखाना काबीज करवला तोही न्यू जर्सीतच.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. निर्माता सूचीत खरे लिहीत असला, तरी ती सूची प्रेक्षक वाचत नसे. ती वाची तंबूचा किंवा सभागृहाचा चालक. पडद्याशेजारी उभे राहून निवेदन करणाराही तोच. 'हे पाहा, आपले वीर कालच्या लढाईत!' असे त्याने एकदा मोठ्या आवाजात म्हटले, की गोल्फच्या मैदानाचे आफ्रिकेचे पठार झालेच. लबाडीचा बराचसा भाग पडद्याबाहेर घडत होता. मूकपट मुका होता, त्याला बोलते करणारा माणूस मात्र मुका नव्हता.

या खोट्या लढायांनी सिनेमाला एक गोष्ट मात्र खरोखरची दिली. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी, १९०० साली, जेम्स विल्यमसन याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह गावात एका ओस पडलेल्या घराच्या आवारात 'अ‍ॅटॅक ऑन अ चायना मिशन' हा चित्रपट केला. बंडखोर फाटक फोडून आत घुसतात, मिशनरी मारला जातो, त्याची पत्नी सज्जातून मदतीसाठी हाका मारते आणि ब्रिटिश नौसैनिक धावून येतात. गोष्ट बाळबोध आणि पूर्वग्रहांनी भरलेली. पण विल्यमसनने ती चार वेगवेगळ्या चित्रणांत विभागली आणि एकाच प्रसंगाकडे दोन विरुद्ध बाजूंनी पाहिले. आधी हल्लेखोर दिसतात, मग कॅमेरा वळतो आणि त्याच आवारात शिरणारे रक्षक दिसतात. आज हे आपल्या अंगवळणी पडले आहे. तेव्हा नाटकाच्या रंगमंचासारखी एकच चौकट धरून बसण्याची रीत असताना ही उडी मोठी होती. खऱ्या लढाईत कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंना उभे राहता येत नाही. लुटुपुटूच्या लढाईत येते. संकलनाचे व्याकरण घडवण्यात या सोयीचा हातभार लागला आहे.

पांचो व्हिलाचा करार

१९१४ च्या जानेवारीत मेक्सिकोचा बंडखोर सेनानी पांचो व्हिला याने अमेरिकेतील म्युच्युअल फिल्म कंपनीशी करार केला आणि आपल्या लढायांच्या चित्रणाचे हक्क नफ्यातील वाट्याच्या बदल्यात तिला दिले. या कराराबद्दल एक दंतकथा आजही सांगितली जाते. व्हिलाने केवळ दिवसाउजेडी लढावे आणि चित्रण नीट न आल्यास लढाई पुन्हा करून दाखवावी, असे त्यात कलम होते म्हणे. व्हिलाचे चरित्रकार फ्रीडरिश काट्झ यांना मूळ करार सापडला, तेव्हा त्यात असे काहीच नसल्याचे आढळले. कंपनीला युद्धभूमीवरून मिळालेले चित्रण फारसे नाट्यमय नव्हते, एवढे खरे. मग व्हिलाच्या जीवनावर वेगळा कथाचित्रपटच काढण्यात आला. त्यात तरुण व्हिलाची भूमिका राउल वॉल्श याने केली आणि पुढे तो हॉलिवूडचा नामवंत दिग्दर्शक झाला. म्हणजे बनावट लढायांबद्दलच्या कथाही पुष्कळदा बनावटच निघतात.

सॉम, जुलै १९१६

आता पुन्हा त्या खंदकाकडे. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉम नदीच्या परिसरात ब्रिटिश फौजेने प्रचंड हल्ला चढवला. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे ५७,४७० सैनिक हताहत झाले. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील तो सर्वांत रक्तरंजित दिवस होय. आघाडीवर दोन अधिकृत छायालेखक होते. जेफ्री मॅलिन्स हा बोमाँ-हामेलजवळ आणि जॉन मॅक्डॉवेल हा फ्रिकूर व मामेट्झच्या बाजूला.

मॅलिन्सने त्या सकाळी जे टिपले, त्याला तोड नाही. हॉथॉर्न टेकडीखाली ब्रिटिशांनी पेरलेला सुमारे अठरा टनांचा सुरुंग सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी उडणार होता. क्षण चुकू नये म्हणून मॅलिन्सने आधीच हँडल फिरवायला सुरुवात केली. सुरुंग उडेना आणि कॅमेऱ्यातील फीत मात्र संपत चाललेली. ती संपणार या भीतीने आपली काय अवस्था झाली, हे त्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. अखेर जमीन फुगली, उसळली आणि मातीचा डोंगर आकाशात गेला. हे चित्रण अस्सल आहे. त्याच सकाळी, दोन्ही आघाड्यांच्या मधल्या एका खोलगट वाटेत हल्ल्याची वाट पाहत बसलेल्या लँकेशायर फ्युसिलियर्सच्या जवानांचे चित्रणही अस्सल आहे. कोणी कॅमेऱ्याकडे पाहून हसतो, कोणी नजर चुकवतो. त्यांच्यापैकी अनेकांना लवकरच मृत्यू गाठणार होता. जखमी सोबत्याला पाठुंगळी घेऊन खंदकातून येणारा सैनिकही खरा आहे.

जे टिपता आले नाही, ते म्हणजे खुद्द हल्ला. सुरुंगानंतर सैनिक वर चढून पुढे गेले ते दूरवर मुंग्यांसारखे दिसतात. पडद्यावर त्यातून काही उमगत नाही. गोष्टीचा मध्यच गायब होता. तो भरून काढण्यासाठी मागाहून ती दोन छोटी दृश्ये रचण्यात आली. पाऊण तासापेक्षा कितीतरी लांब असलेल्या त्या चित्रपटात त्यांचा वाटा मिनिट-दीड मिनिटापलीकडे नाही. खोटेपणाच्या खुणा जाणकारांना चटकन दिसतात. हल्ल्याला निघालेल्या सैनिकांच्या पाठीवर पूर्ण बोजा नाही, खंदक उथळ आहे आणि मुख्य म्हणजे कॅमेरा अशा ठिकाणी उभा आहे, जेथे प्रत्यक्ष लढाईत छायालेखक क्षणभरही जिवंत राहिला नसता. जुन्या युद्धचित्रणाची पारख करू इच्छिणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. छायालेखक कुठे उभा आहे? त्याची पाठ शत्रूकडे आणि तोंड आपल्या सैनिकांकडे असेल, तर संशयाला जागा आहे.

चार्ल्स अर्बन या निर्मात्याच्या साहाय्याने चित्रपटाचे संकलन झाले. (१९११ च्या दिल्ली दरबाराचे रंगीत चित्रण जगभर दाखवणारा तो हाच.) २१ ऑगस्टला, म्हणजे लढाई अजून चालू असतानाच, तो लंडनच्या ३४ चित्रपटगृहांत लागला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली असा अंदाज आहे. त्या प्रेक्षागृहांत कोण बसले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या आकड्याचा अर्थ कळत नाही. ज्यांचे मुलगे, नवरे, भाऊ त्या क्षणी सॉमवर होते किंवा ज्यांच्या घरी नुकतीच तार आली होती, असे असंख्य लोक त्यांत होते. ओळखीचा चेहरा दिसतो का, म्हणून लोक पडद्याकडे डोळे लावून बसत. मेलेल्यांची चित्रे करमणुकीच्या जागी दाखवणे ही शोकाची विटंबना आहे, असा निषेध डरहॅमच्या डीनने वृत्तपत्रातून केला. त्याला उलट उत्तरे आली, त्यांत मुले गमावलेल्या आईबापांची पत्रेही होती. आमच्या मुलाने काय सोसले हे आम्हाला पाहायचे आहे, असा त्यांचा सूर होता.

आणि त्यांना सर्वाधिक हलवून सोडले कोणत्या दृश्याने? कादंबरीकार रायडर हॅगार्ड यांनी दैनंदिनीत नोंद केली आहे. खंदकातून चढताना घसरून मरण पावणारा तो एक सैनिक त्यांना सर्वांत परिणामकारक वाटला. क्षणापूर्वीची धडपड आणि लगेच आलेली मृत्यूची निश्चलता यांमुळे ते हादरून गेले होते. म्हणजे पाऊणशे मिनिटांच्या अस्सल चित्रणात प्रेक्षकाच्या काळजाला भिडला तो नेमका नाटकी मृत्यू. खऱ्या मृतांची चित्रे त्यात होतीच. ती मात्र मरण येऊन गेल्यानंतरची होती, मरणाचा क्षण कॅमेऱ्याच्या हाती लागलेला नव्हता. मॅलिन्सला दोष देणे सोपे आहे. त्याने रचलेला प्रसंग त्या सकाळी हजारो वेळा प्रत्यक्षात घडला होता, हे विसरून चालणार नाही. पण मूळ चित्रपटात हे दृश्य रचलेले असल्याची एकही सूचना नव्हती आणि हा दोष लहान म्हणता येणार नाही. वारलेल्या मुलाच्या शोधात आलेल्या माणसाला आपण काय पाहतो आहोत हे कळण्याचा हक्क होता.

जर्मनांनी १९१७ च्या आरंभी आपल्या बाजूचा सॉमपट काढून उत्तर दिले. त्यातील हल्ल्यांचा मोठा भागही आघाडीमागे रचलेलाच होता. २००५ मध्ये युनेस्कोने ब्रिटिश चित्रपटाचा समावेश 'जगाची स्मृती' या नोंदवहीत केला.

सॉमच्या आधी एक वर्ष, १९१५ च्या उन्हाळ्यात, फ्रान्समधील भारतीय फौजेचे चित्रण करण्यासाठी हिल्टन गर्डवुड हा छायाचित्रकार इंडिया ऑफिसच्या परवानगीने तेथे पोचला होता. हिंदुस्थानातील राजेशाही सोहळ्यांचे छायाचित्रण केलेला हा गृहस्थ. आघाडीवर त्याला फारसे जाऊ दिले जात नव्हते. त्यामुळे गुरखा आणि इतर जवानांकडून त्याने मागच्या बाजूस खंदकांवरील चढाया करवून घेतल्या. १९१६ मध्ये 'विथ द एम्पायर्स फायटर्स' या नावाने त्याचा चित्रपट दाखवला गेला. त्याने घेतलेली छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि पश्चिम आघाडीवरील भारतीय जवान म्हणून ती आजही पुस्तकांतून छापली जातात. चेहरे खरे, गणवेश खरे, संगिनी खऱ्या. चढाई तेवढी कॅमेऱ्यासाठीची.

भव्यतेचे दिवस

कथापटांत ही अडचण नव्हती. तेथे लढाई खोटीच असते हे सर्वांना ठाऊक. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने 'द बर्थ ऑफ अ नेशन' मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातील पीटर्सबर्गची लढाई कॅलिफोर्नियात उभी केली. दूरवर पसरलेले खंदक, धुराचे लोट, मग एकदम जवळून एखादा चेहरा आणि पुन्हा विस्तीर्ण मैदान, अशी त्याची रचना पुढच्या युद्धपटांनी गिरवली. हाच चित्रपट कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण करणारा आणि कू क्लक्स क्लॅनला नायकपद देणारा आहे. त्या संघटनेच्या पुनरुज्जीवनाला त्याने बळ दिले. म्हणून त्याच्या कलागुणांची चर्चा करताना जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी. १९१७ मध्ये ग्रिफिथ स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर गेला, तेव्हा खरे युद्ध नाट्य म्हणून निराशाजनक असल्याचे त्याचे मत झाले. 'हार्ट्‌स ऑफ द वर्ल्ड' मधील बरेचसे युद्ध त्याने इंग्लंड आणि कॅलिफोर्नियात घडवले.

फ्रान्समध्ये आबेल गान्सने उलटी वाट धरली. १९१९ च्या 'जाक्यूज' चित्रपटात मेलेले सैनिक उठून आपल्या गावाकडे चालू लागतात असा प्रसंग आहे. त्यासाठी वेर्दांच्या आघाडीवरून थोड्या दिवसांच्या रजेवर आलेले खरेखुरे सैनिक उभे करण्यात आले. रजा संपून ते परतले आणि त्यांतले बहुतेक जण काही आठवड्यांत मारले गेले, असे गान्स पुढे सांगत असे. अभिनय आणि सत्य यांच्यातील सीमा इतकी पातळ झाल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाला आठवत नाही.

१९२५ च्या 'द बिग परेड' साठी किंग व्हिडॉरने लष्कराने काढलेल्या युद्धचित्रणाच्या फिती बारकाईने पाहिल्या. जंगलातून पुढे सरकणाऱ्या सैनिकांचे पाऊल त्याने तालयंत्राच्या ठोक्यावर बेतले आणि चित्रीकरणाच्या वेळी ढोलाच्या ठोक्यावर त्यांना चालवले. ठोका पडला की पाऊल, ठोका पडला की एखादा माणूस खाली. मूकपटातील बहुधा सर्वांत भयावह असे ते युद्धदृश्य आहे आणि त्यात आरडाओरडा मुळीच नाही.

सोव्हिएत रशियात रचलेल्या लढाईने प्रत्यक्ष घटनेची जागाच बळकावली. १९१७ मध्ये पेट्रोग्राडचा हिवाळी राजवाडा बोल्शेविकांच्या ताब्यात आला तो तुलनेने थोडक्या झटापटीत. १९२० मध्ये तिसऱ्या वर्धापनदिनी हजारो लोकांच्या सहभागाने त्या प्रसंगाचे भव्य नाट्य त्याच चौकात झाले आणि १९२७ मध्ये आयझेनस्टाइनने 'ऑक्टोबर' चित्रपटासाठी पुन्हा एकदा राजवाड्यावर जनसागर धाडला. त्या नाट्याचे छायाचित्र आणि त्या चित्रपटातील चौकटी पुढे कित्येक इतिहासग्रंथांत मूळ क्रांतीची चित्रे म्हणून छापल्या गेल्या.

कोल्हापूरची रणभूमी

मराठी मुलखात युद्धपट आला तो बखर, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरीचे बोट धरून. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटर यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. आधार होता हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः बाबुराव होते, तर व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते. तानाजीचा हल्ला रात्रीचा. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळात रात्रीची लढाई दाखवायची म्हणजे मोठेच संकट. बाबुरावांनी कृत्रिम प्रकाशयोजना करून चांदणे आणि धुके यांचा आभास निर्माण केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर करणाऱ्यांत ते अग्रेसर होते. मुंबईत 'सिंहगड' ला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

बाबुरावांच्या वास्तवदर्शनाची धास्ती त्याआधीच घेतली गेली होती. १९२० च्या 'सैरंध्री' मधील कीचकवधाचे दृश्य पाहून काही प्रेक्षकांना भोवळ आली आणि परीक्षकांनी ते कापायला लावले, ही हकिगत मराठी चित्रपटसृष्टीत परंपरेने चालत आली आहे. महाभारतातील कथा, सर्वांना पाठ असलेला शेवट आणि तरीही डोळ्यांनी पाहताना ती खरी वाटावी! लंडनच्या प्रेक्षागृहात हॅगार्ड यांचे जे झाले, तेच पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांचे झाले. फरक एवढाच, की येथे कोणी ते खरे म्हणून विकत नव्हते.

'सिंहगड' चा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. त्या काळातील बहुतेक भारतीय मूकपटांप्रमाणे तोही नष्ट झाला. त्याची लढाई कशी दिसत होती, हे जाणून घ्यायला काही छायाचित्रे आणि आठवणी एवढाच आधार उरला आहे.

बाबुरावांची कंपनी सोडून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी शिवकालावर मूकपट काढला. त्याचे मूळ नाव होते 'स्वराज्याचे तोरण'. १९३० साल म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचे साल. शीर्षकातील 'स्वराज्य' हा शब्द परीक्षकांच्या डोळ्यांत खुपला, गडावर ध्वज उभारण्याच्या दृश्यावरही आक्षेप आला आणि अखेर हा चित्रपट 'उदयकाल' या नावाने पडद्यावर आला.